कॅमेरा कुठे उभा होता?

युद्धाचा इतिहास सांगणाऱ्या माहितीपटांविषयी वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : पहिल्या महायुद्धावरचा एक माहितीपट नुकताच पाहिला. त्यात सैनिक रंगीत दिसतात, सहज चालतात आणि चक्क बोलतातही. शंभर वर्षांपूर्वी असे चित्रण शक्य नव्हते. मग यातले खरे किती आणि मागाहून घातलेले किती?
(एक निवृत्त बँक अधिकारी)

उत्तर : आपले वर्णन पीटर जॅक्सन यांच्या 2018 सालच्या ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ या चित्रपटाशी जुळते, म्हणून त्याच्याच आधारे सांगतो. त्यातली माणसे, खंदक आणि चिखल खरे आहेत. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहातील सुमारे 100 तासांचे मूळ चित्रण जॅक्सन यांना उपलब्ध झाले होते. त्या काळचा कॅमेरामन तिपाईवरच्या कॅमेऱ्याचे हँडल हाताने फिरवत असे, त्यामुळे सेकंदाला कधी 10 तर कधी 18 फ्रेम नोंदल्या जात. तीच फीत आजच्या 24 फ्रेमच्या वेगाने चालवली की मरणाच्या दारात उभी असलेली माणसेही तुरुतुरु पळताना दिसतात आणि प्रेक्षकाला नकळत हसू येते. संगणकाच्या साहाय्याने मधल्या फ्रेम तयार करून हा वेग पूर्ववत केला, तेवढ्या कामाला मी दुरुस्ती म्हणेन. रंगांची गोष्ट वेगळी आहे. गणवेश आणि भूप्रदेश यांचा बारकाईने अभ्यास करून ते भरलेले असले, तरी तो अखेर अंदाजच आहे.

आवाजाच्या बाबतीत अधिक सावध राहायला हवे. मूळ फीत मूक आहे. ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखणाऱ्या तज्ज्ञांची मदत घेतली गेली, गणवेशावरच्या खुणांवरून सैनिकाची पलटण आणि तिचा प्रांत शोधला गेला, आणि त्या प्रांताच्या ढंगात बोलणाऱ्या आजच्या माणसांकडून ते शब्द वदवून घेतले गेले. याउलट, निवेदनाच्या जागी जे वृद्ध आवाज ऐकू येतात ते प्रत्यक्ष युद्धात लढलेल्यांचेच आहेत. बीबीसी आणि म्युझियम यांनी कित्येक वर्षांनंतर ध्वनिमुद्रित केलेल्या सुमारे 600 तासांच्या मुलाखतींतून ते निवडले आहेत. म्हणजे एकाच चित्रपटात अस्सल आवाज आणि उसना आवाज शेजारी शेजारी नांदतात, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्या प्रेक्षकाला त्यांतला फरक कळण्याचा काहीच मार्ग नसतो. चित्रपटाने इतिहासाच्या जवळ नेले हे मी मान्य करतो, परंतु कोणता आवाज कोणाचा हे सुरुवातीलाच सांगितले असते तर त्या जवळिकीला बाध आला नसता, असे माझे मत आहे.

शंभर वर्षांपूर्वीचे मूळ चित्रण म्हणजे निखळ सत्य, असेही समजू नये. फ्रान्समधील सोम नदीकाठच्या लढाईवरचा ब्रिटिश चित्रपट 1916 च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे लढाई चालू असतानाच, चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या सहा आठवड्यांत त्याची सुमारे 2 कोटी तिकिटे विकली गेली असे मानले जाते. जेफ्री मॅलिन्स आणि जॉन मॅकडॉवेल या दोन कॅमेरामननी तो चित्रित केला होता. 1 जुलैच्या सकाळी 7 वाजून 20 मिनिटांनी हॉथॉर्न रिज या टेकडीखालचा सुरुंग उडाला, तो क्षण त्यात आहे आणि तो पूर्णपणे खरा आहे. खंदकातून वर चढून धुक्यात नाहीसे होणाऱ्या सैनिकांचे जे दृश्य आजही प्रत्येक माहितीपटात हमखास दाखवले जाते, ते मात्र आघाडीच्या मागे, सरावाच्या जागी घडवून आणलेले आहे. थोडे थांबून पाहिले तर ते ओळखता येते. खंदक उथळ आहे, चढाईला निघालेल्यांच्या पाठीवर पुरेसे सामान नाही, आणि कॅमेरा अशा ठिकाणी उभा आहे की खऱ्या हल्ल्यात कॅमेरामन दोन मिनिटेही जिवंत राहिला नसता. कॅमेरा कुठे उभा होता, हा प्रश्न कोणत्याही युद्धदृश्याला विचारून पाहावा; निम्म्या शंका तिथेच फिटतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या चित्रणाबद्दलही एक गोष्ट सांगून ठेवतो. आघाडीवरच्या कॅमेरामनच्या हाती बहुधा किल्ली देऊन चालणारा छोटा कॅमेरा असे आणि त्यात 100 फूट फीत मावत असे, म्हणजे जेमतेम एक मिनिटाचे चित्रण. ध्वनिमुद्रणाची सोय जवळपास नसेच. तेव्हा पडद्यावर रणगाड्याची घरघर आणि तोफांचा गडगडाट ऐकू येतो, तो बहुतांशी मागाहून जोडलेला असतो. त्यात लबाडी असतेच असे नाही, पण पाहणाऱ्याला ते ठाऊक असावे.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवते. ज्या युद्धाचे चलच्चित्रण झालेलेच नाही, त्याचा माहितीपट प्रभावी होऊ शकतो का? अशा माहितीपटांतील नाट्यरूप प्रसंग मुलांना आवडतात, पण मला ते खटकतात.
(एक शिक्षिका)

उत्तर : आपले खटकणे योग्यच आहे. भाड्याने आणलेल्या पोशाखातली वीस माणसे धुरातून धावत गेली म्हणून लढाई कळत नाही.

चलच्चित्रणाशिवाय काय साधता येते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे केन बर्न्स यांची अमेरिकेच्या यादवी युद्धावरील नऊ भागांची मालिका. ती 1990 साली दूरचित्रवाणीवर आली तेव्हा सुमारे 4 कोटी लोकांनी ती पाहिली. हे युद्ध 1861 ते 1865 या काळातले, म्हणजे चलच्चित्राच्या जन्माच्या तीस वर्षे आधीचे. छायाचित्रे होती, पण ओल्या काचेवर घेतलेली. त्यांना काही सेकंदांचा प्रकाश लागत असल्यामुळे धावणारा माणूस त्यांत टिपला जात नसे. म्हणून छावण्या, पूल, बसलेले सेनापती आणि लढाईनंतर पडून राहिलेली प्रेते एवढेच त्यांत सापडते. बर्न्स यांनी कॅमेरा या स्थिर छायाचित्रांवरून सावकाश फिरवला. आधी गटातला एकच चेहरा दाखवायचा, मग मागे सरकत सगळी पलटण दाखवायची. ही रीत कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या 1957 सालच्या ‘सिटी ऑफ गोल्ड’ या लघुपटात आधीच वापरली गेली होती, आणि तिचे ऋण बर्न्स यांनी नाकारलेले नाही. सोबतीला सैनिकांची आणि घरच्यांची पत्रे वाचली जातात. सलिव्हन बॅलू या अधिकाऱ्याने बुल रनच्या लढाईच्या आठवडाभर आधी पत्नीला लिहिलेले पत्र पहिल्या भागाच्या शेवटी येते. त्या वेळी पडद्यावर लढाई नसते, काही जुनी छायाचित्रे असतात. पुढे तो त्याच लढाईतल्या जखमांनी गेला, हे कळल्यावर त्या युद्धाविषयी मुलांना जे उमगते ते धुरातून धावणाऱ्या वीस माणसांमुळे उमगणार नाही.

तरीही छायाचित्र म्हणजे पुरावा, असे वर्गात सरसकट सांगू नका. अलेक्झांडर गार्डनर यांचे याच युद्धातील गेटिसबर्गच्या रणभूमीवरचे प्रसिद्ध छायाचित्र मुलांना अवश्य दाखवा. दगडांच्या आडोशाला दक्षिणेकडच्या बंडखोर सैन्याचा एक तरुण नेमबाज मरून पडला आहे आणि त्याची बंदूक भिंतीला टेकवून ठेवलेली आहे. पुढे अभ्यासकांनी त्याच जागेची इतर छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा तोच मृतदेह सुमारे 40 यार्ड अंतरावर वेगळ्या जागी आढळला. म्हणजे प्रेत उचलून आणून दगडांमध्ये मांडले गेले होते, आणि बंदूकही नेमबाजाची नव्हती. सैनिक खराच मेला होता, खोटी होती ती त्याच्याभोवती रचलेली गोष्ट. दहा मिनिटांचा हा एक धडा मुलांना साऱ्या माहितीपटांकडे पाहायला शिकवील.

संगीताबद्दलही येथेच लिहितो, कारण दुसऱ्या एका पत्रात त्याची विचारणा आहे. बर्न्स यांच्या मालिकेतले व्हायोलिनवरचे ते विषण्ण सूर पुष्कळांना यादवी युद्धाच्या काळातलेच वाटतात. वास्तविक ती धून जे उंगर यांनी 1982 साली रचलेली आहे. ती सुंदर आहे, यात वाद नाही. पण इतकी सुंदर धून वारंवार वाजली की युद्ध म्हणजे दोन भावांचा दुःखद गैरसमज होता असे वाटू लागते, आणि गुलामगिरी हा मूळ मुद्दा डोळ्यांआड जातो. काही इतिहासकारांनी मालिकेवर घेतलेल्या आक्षेपांचा रोख साधारण असाच होता, आणि मला त्यात तथ्य वाटते.

जिथे छायाचित्रेही उरलेली नाहीत, तिथे काय करावे? कंबोडियाचे दिग्दर्शक रिथी पान्ह यांनी 2013 सालच्या ‘द मिसिंग पिक्चर’मध्ये ख्मेर रूज या जहाल साम्यवादी गटाच्या राजवटीत गमावलेल्या आपल्या कुटुंबाची कथा मातीच्या लहान बाहुल्या मांडून सांगितली. त्या बाहुल्या हलत नाहीत आणि खऱ्या असल्याचा आवही आणत नाहीत. नट घेऊन केलेल्या प्रसंगांत मला हाच प्रामाणिकपणा सापडत नाही.

प्रश्न : अत्याचार करणाऱ्यांनीच केलेले चित्रण माहितीपटात वापरणे नैतिक आहे काय?
(विधी शाखेचा विद्यार्थी)

उत्तर : वापरण्यावाचून गत्यंतर नसते, कारण कॅमेरा आणि फीत बहुधा सत्ता असलेल्याच्याच हाती असते. प्रश्न एवढाच की ते चित्रण कोणाचे हे प्रेक्षकाला सांगितले जाते की नाही.

1942 च्या मे महिन्यात नाझी चित्रपथकाने वॉर्सा येथील ज्यूंच्या बंदिस्त वस्तीत चित्रण केले. काही आठवड्यांतच, 22 जुलैपासून, तिथल्या रहिवाशांना ट्रेब्लिंका येथे मरणाकडे नेण्यास सुरुवात झाली. तो चित्रपट अपुराच राहिला. युद्धानंतर त्याची रिळे सापडली आणि कित्येक वर्षे त्यांतले तुकडे त्या वस्तीचे खरे दर्शन म्हणून माहितीपटांत वापरले गेले. त्यांत उपासमारीने रस्त्यावर पडलेली माणसे दिसतात आणि त्यांच्या शेजारून निर्विकारपणे जाणारे सुखवस्तू ज्यूही दिसतात. 1998 साली आणखी एक रीळ मिळाले. त्यात हेच प्रसंग पुन्हा पुन्हा घेतलेले होते. चांगल्या कपड्यांतल्या माणसांना प्रेतांजवळून न पाहता चालायला लावले जात होते, आणि काही ठिकाणी दुसरा कॅमेरामनच चौकटीत आला होता. याएल हेर्सोन्स्की यांनी 2010 सालच्या ‘अ फिल्म अनफिनिश्ड’मध्ये ही जास्तीची दृश्ये मूळ दृश्यांसह दाखवली, त्यांना वस्तीतल्या रोजनिशींची जोड दिली, आणि तिथून वाचलेल्या वृद्धांना ती रिळे पाहायला बसवून त्यांचे चेहरे टिपले. तेच चित्रण, पण आता ते नाझींची बाजू मांडत नाही, त्यांच्याविरुद्ध साक्ष देते. आपण कायद्याचे विद्यार्थी आहात, तेव्हा उलटतपासणीचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको.

उलट बाजूचे उदाहरणही पाहण्याजोगे आहे. 1945 च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश सैन्य बेर्गेन-बेल्झेनच्या छळछावणीत पोहोचले तेव्हा सैन्याचे चित्रपथक सोबत होते. त्या चित्रणातून माहितीपट करण्याचे काम सिडनी बर्नस्टाइन यांनी हाती घेतले आणि आल्फ्रेड हिचकॉक यांचा सल्ला घेतला. पुढे कोणी हे सारे बनावट आहे असे म्हणू नये, म्हणून शक्य तिथे दृश्य न तोडता कॅमेरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग फिरलेला दाखवावा, असा हिचकॉक यांचा आग्रह होता. प्रेतांच्या खड्ड्यापासून कडेला उभ्या केलेल्या स्थानिक प्रतिष्ठितांपर्यंत कॅमेरा एकाच चित्रणात पोहोचला, की दोन्ही एकाच जागी होते हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. राजकीय हवा बदलली आणि तो चित्रपट त्याच वर्षी बाजूला पडला. इम्पीरियल वॉर म्युझियमने तो 2014 साली पूर्ण केला.

प्रश्न : म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखतींवर इतिहास कसा उभारता येईल? चाळीस वर्षांनंतर कोणाला काय नेमके आठवते?
(एक वाचक)

उत्तर : तारखा आणि आकडे यांसाठी मुलाखतीवर विसंबू नये, तिथे कागदच हवा. परंतु कागदात न सापडणाऱ्या गोष्टी मुलाखतीत सापडतात. 1973–74 साली प्रसारित झालेल्या ‘द वर्ल्ड ॲट वॉर’ या 26 भागांच्या ब्रिटिश मालिकेचे निर्माते जेरेमी आयझॅक्स यांनी मोठ्या सेनापतींपेक्षा त्यांच्या हाताखालच्या माणसांवर, चिटणिसांवर आणि साध्या नागरिकांवर भर दिला. हिटलरची चिटणीस ट्राउडल युंग त्यात बोलते. या मालिकेची एक मर्यादा मोठी बोलकी आहे. शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याचे ब्रिटिशांचे काम 1974 पर्यंत अधिकृतरीत्या गुप्त होते, म्हणून इतक्या तपशीलवार मालिकेतही ते जवळजवळ नाहीच. साक्षीदार जिवंत होते, पण त्यांची तोंडे बांधलेली होती.

स्मृती चुकते त्यापेक्षा ती लपवते, हे अधिक महत्त्वाचे आहे. मार्सेल ओफ्युल्स यांनी 1969 साली फ्रान्समधल्या क्लेर्मों-फेराँ या एका शहराच्या आधारे जर्मन ताब्याच्या काळावर चार तासांहून मोठा माहितीपट केला. जर्मनांना साथ देणारे, विरोध करणारे आणि गप्प बसलेले असे सगळे त्यात बोलतात. सारा देश प्रतिकारात उतरला होता, ही युद्धोत्तर फ्रान्सची लाडकी समजूत त्यामुळे ढासळली, आणि फ्रेंच दूरचित्रवाणीने तो 1981 पर्यंत दाखवला नाही. माहितीपट राष्ट्राचा युद्धेतिहास जिवंत करतो असे आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा जिवंत झालेला इतिहास कोणाला नकोसा वाटतो तेही पाहावे.

क्लोद लाँझमान यांच्या 1985 सालच्या साडेनऊ तासांच्या ‘शोआ’मध्ये जुन्या चित्रणाची एकही फ्रेम नाही, आहेत त्या केवळ साक्षी आणि आजच्या जागा. त्यात आब्राहाम बोम्बा हे न्हावी आहेत. ट्रेब्लिंका येथे विषारी वायूच्या कोठडीकडे जाणाऱ्या स्त्रियांचे केस कापण्याचे काम त्यांच्याकडून करवून घेतले जात असे. लाँझमान यांनी त्यांना केशकर्तनालयात, एका माणसाचे केस कापता कापता बोलायला लावले. हात चालू आहेत, आवाज सपाट आहे, आणि एका सहकाऱ्याची पत्नी व बहीण आत आल्या त्या प्रसंगापाशी ते थांबतात. पुढे बोलवत नाही, असे सांगतात. लाँझमान त्यांना बोलायलाच हवे म्हणून गळ घालतात. त्या आग्रहात क्रौर्य आहे असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. परंतु हाताला कामाची सवय आठवली की मनाला काय आठवते, हे दुसऱ्या कोणत्याही रीतीने दिसले नसते.

प्रश्न : परक्या साम्राज्यासाठी लढलेल्यांचे काय? त्यांच्यावर कोण चित्रपट करणार?
(एका माजी सैनिकाची कन्या)

उत्तर : पहिल्या महायुद्धात 10 लाखांहून अधिक भारतीय सैनिक परदेशी गेले. त्यांचे चित्रण आहे, पण ते बहुतेक परेडचे आणि छावणीचे. त्यांना बोलताना कोणी टिपले नाही. अपवाद अनपेक्षित ठिकाणी सापडतो. बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फ येथील युद्धकैद्यांच्या छावणीत जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी उच्चारांच्या अभ्यासासाठी कैद्यांचे आवाज मुद्रित केले. त्यांत मल्ल सिंग या पंजाबी सैनिकाचा डिसेंबर 1916 मधला आवाज आहे. तो स्वतःविषयी परक्यासारखा बोलतो : एक माणूस होता, हिंदुस्थानात तो लोणी खात असे, मग तो युरोपातल्या लढाईत आला. फिलिप शेफनर यांनी 2007 साली ‘द हाफमून फाइल्स’ हा माहितीपट या मुद्रणांच्या मागावर केला. त्यातल्या काही जागी पडदा रिकामा राहतो आणि केवळ आवाज ऐकू येतो. ज्यांना ध्वनीचा नमुना म्हणून मुद्रित केले, त्यांचे बोलणे नव्वद वर्षांनी अर्थासाठी ऐकले गेले.

प्रश्न : युद्धात सहभागी झालेल्या आमच्या भागातील वृद्धांवर माहितीपट करण्याची आम्हा काही मित्रांची इच्छा आहे. पैसे थोडे आहेत. सुरुवात कशी करावी?
(महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : आधी मुलाखती घ्या, पटकथा नंतर लिहा, वृद्ध माणसे पटकथेसाठी थांबत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या कॅमेरामनना प्रत्येक रिळासोबत एक तक्ता भरून पाठवावा लागे. जागा, तारीख, पलटण, दृश्यात कोण आणि काय, हे सारे त्यात असे. आज जुने चित्रण ओळखता येते ते अशाच कागदांमुळे. आपणही प्रत्येक मुलाखतीला तसा तक्ता जोडा आणि त्यात मुलाखतीच्या वेळी खोलीत आणखी कोण होते तेही लिहा, कारण मुलगा समोर बसला असता बाप वेगळे बोलतो. अखंड चित्रण जपून ठेवा, वीस मिनिटांचा माहितीपट झाला म्हणून उरलेले पुसू नका. त्याची एक प्रत एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा संग्रहालयाकडे द्या. वृद्धांची लेखी संमती घ्या. त्यांनी मागाहून एखादा भाग काढायला सांगितला, तर तो काढा.

जपून ठेवण्याचे मोल किती, ते बांगलादेशच्या उदाहरणावरून कळेल. 1971 च्या मुक्तियुद्धात लिअर लेव्हिन या अमेरिकी चित्रपटकाराने निर्वासितांच्या आणि मुक्तिसैनिकांच्या छावण्यांत गाणी म्हणत फिरणाऱ्या कलापथकाचे सुमारे 20 तासांचे चित्रण केले होते. त्याचा चित्रपट झाला नाही आणि ते न्यूयॉर्कमध्ये पडून राहिले. दोन दशकांनी तारेक आणि कॅथरीन मसूद या दांपत्याने ते मिळवले आणि इतर चित्रणाची जोड देऊन 1995 साली ‘मुक्तिर गान’ तयार केला. युद्धानंतर जन्मलेल्या तरुणांना ते युद्ध प्रथमच एवढ्या जवळून दिसले. मसूद यांनी तो गावोगावी फिरत्या प्रक्षेपकावर दाखवला, आणि खेळ संपल्यावर प्रेक्षकांतली माणसे आपापल्या हकिगती सांगू लागली. त्यांत ज्यांची नावे कुठेच नोंदलेली नव्हती अशा खेड्यातल्या स्त्रियाही होत्या. त्या हकिगतींतूनच 1999 साली ‘मुक्तिर कथा’ हा पुढचा माहितीपट झाला. तेव्हा आपला माहितीपट पूर्ण होऊन प्रथम दाखवाल, त्या दिवशी कॅमेरा आणि तक्त्याच्या कोऱ्या प्रती सोबत असू द्या.